दोर बदलला, चाकू बदलला: सोपाऱ्यापासून पाचूबंदरापर्यंत

भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे शब्दांकन. बोलतानाचे अडखळे गाळलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय एका श्रोत्याने दिलाय. अर्नाळ्याच्या बाजूचा मुलगा आहे, घरची बोट आहे. त्याने लिहिलं, "सर, तुम्ही किल्ल्यांवर बोलता, तहांवर बोलता. मला एक साधी गोष्ट सांगा. समुद्रात दोर कापायला घडीचा चाकू घ्यायचाय. खिशात मावला पाहिजे आणि दोन सीझन तरी टिकला पाहिजे. कोणता घेऊ?"

पहिल्यांदा वाटलं, हा प्रश्न हार्डवेअरच्या दुकानातला, आपल्या गप्पांमधला नाही. पण विचार करायला लागलो तेव्हा लक्षात आलं की या प्रश्नाला वसईच्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. आणि तो इतिहास चाकूचा कमी, दोराचा जास्त आहे. या किनाऱ्यावर जसा दोर बदलत गेला, तसा चाकूही बदलत गेला. आज चाकू निवडताना नेमकं काय बघायचं, हे त्यातूनच कळतं. म्हणून आधी थोडं मागे जाऊ, मग खरेदीला.

दोर हीच होडी

सुरुवात आपल्या सोपाऱ्यापासून. आज नालासोपारा म्हटलं की लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. पण १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथेच मिळाला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने अरबी समुद्राच्या व्यापाराची एक मार्गदर्शिका लिहिली, 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी'. तिच्यात या किनाऱ्यावरच्या बाजारपेठांच्या यादीत 'सुप्पारा' आहे आणि 'कल्लिएना' म्हणजे कल्याणही आहे.

याच पुस्तकात आपल्या विषयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, 'अरियाके' नावाच्या भागातून तांबड्या समुद्राकडे सुती कापडाबरोबर हिंदुस्थानी लोखंड आणि पोलाद जात होतं. अरियाके म्हणजे साधारण गुजरात ते उत्तर कोकण हा पट्टा. म्हणजे धार धरणारं पोलाद ही इथून समुद्रापार जाणारी वस्तू होती. दुसरी गोष्ट म्हणजे शिवलेल्या होड्या. अरबी समुद्राच्या पलीकडच्या बंदरांबद्दल लिहिताना तो लेखक दोराने शिवलेल्या होड्यांचा उल्लेख करतो.

शिवलेली होडी म्हणजे काय? लाकडाच्या फळ्यांना कडेने भोकं पाडायची आणि काथ्याच्या दोरीने एक फळी दुसरीला टाचायची. खिळा नाही. पुढे हजार-बाराशे वर्षांनीही हेच चालू होतं. बाराव्या शतकाच्या अखेरीला हजला निघालेला इब्न जुबैर तांबड्या समुद्रातल्या अशा होड्यांचं वर्णन करतो. मार्को पोलोला होर्मुझला अशी जहाजं दिसली आणि त्याला ती मुळीच भरवशाची वाटली नाहीत. त्याआधी अकराव्या शतकात अल-बेरुनीने बेटांच्या एका समूहाला 'दीव कनबार' म्हटलंय, म्हणजे काथ्याच्या दोरांची बेटं. दोर हा किती मोठा माल होता, ते यावरून कळतं. अगदी अलीकडे, मे २०२५ मध्ये, भारतीय नौदलाने कारवारला 'कौंडिण्य' नावाचं असंच शिवलेलं जहाज आपल्यात सामील करून घेतलं. म्हणजे ही विद्या अजून पूर्ण मेलेली नाही.

आता अशा होडीवर चाकूचं काय स्थान असेल, विचार करा. जो दोर तुम्ही कापू शकता, तोच दोर तुमच्या पायाखालच्या फळ्या धरून आहे. शिवलेल्या होडीत दोर म्हणजे होडीचं अंग. तिथे कापण्यापेक्षा सोडणं, आवळणं आणि पुन्हा शिवणं ही कामं मोठी. आपल्याकडे जुन्या माणसांना आजही गाठ कापलेली आवडत नाही, 'सोड की, कापतोस कशाला' म्हणतात. ही सवय कुठून आली असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

बिजागरी कुठून आली?

आता दीड हजार वर्षं पुढे. २३ डिसेंबर १५३४. गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली, आणि पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेईपर्यंत म्हणजे दोनशे वर्षांहून जास्त ती त्यांच्याकडे राहिली. या काळात वसईला जहाजं बांधली जायची. सागवान होतं, कारागीर होते, खाडी होती. पण पोर्तुगीज पद्धतीचं जहाज खिळ्यांचं. फळ्या लोखंडाने धरलेल्या, आणि दोर वर गेलेला: डोलकाठीला, शिडांना, नांगराला. म्हणजे आता दोर होडीचं अंग राहिला नाही, होडीचं हत्यार झाला. आणि हत्यार प्रसंगी कापून टाकता येतं.

मोठ्या जहाजाच्या नांगराचा दोर माणसाच्या दंडाएवढा जाड. वादळ आलं किंवा शत्रू अंगावर आला की नांगर वर ओढायला वेळ नसायचा, मग तो दोरच तोडून निघायचं. हे काम चाकूचं नाही, कुऱ्हाडीचं. चाकू खलाशाचा स्वतःचा. शिडाची दोरी, गाठीचं टोक, फाटलेलं कापड, जेवणातलं खारवलेलं मांस, सगळ्याला तो एकच.

इंग्लंडच्या राजाचं 'मेरी रोज' हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं. त्यात खलाशांच्या चाकूंच्या लाकडी मुठी सापडल्या, पण लोखंडी पाती बहुतेक समुद्राने खाल्ली होती. मूठ राहिली, पातं गेलं. समुद्रासाठी चाकू घेणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावं.

घडीचा चाकू ही कल्पना पोर्तुगिजांहून फार जुनी आहे, रोमन लोकांकडेही घडीचे चाकू होते. पोर्तुगीज भाषेत वस्तऱ्याला आणि घडीच्या चाकूला 'नवाल्हा' हा एकच शब्द. तो शब्द आपल्याकडे काही रुजला नाही. पण मराठीला पोर्तुगिजांकडून दुसरा एक शब्द मिळाला: बिजागरी. मूळ 'बिसाग्रा'. पगार, चावी, बादली, घमेलं, बिजागरी, हे सगळे त्याच दोनशे-अडीचशे वर्षांतले पाहुणे, आता घरचेच झालेत.

शब्दाची गंमत एवढ्यासाठी सांगतोय की घडीच्या चाकूचं सगळं रहस्य त्याच्या बिजागरीत आहे. म्हणजे पातं जिथे मुठीला जोडलेलं असतं, त्या खिळ्यात. पातं चांगलं आहे की नाही हे दुकानात कळतं. बिजागरी चांगली आहे की नाही हे समुद्रात कळतं. आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

टोक नसलेलं पातं

शेफील्ड हे इंग्लंडमधलं चाकूंचं गाव. एकोणिसाव्या शतकात तिथून जगभरच्या खलाशांसाठी घडीचे चाकू जायचे. त्यांची एक खूण होती: पात्याला टोक नसायचं. धार सरळ रेषेत आणि पाठ पुढे गोल वळून धारेला मिळालेली. इंग्रज त्याला मेंढीच्या खुराचं पातं म्हणत.

टोक का नाही? खलाशांची आपसात भोसकाभोसकी होऊ नये म्हणून कप्तान टोकं मोडून टाकायचे, असं रंगवून सांगतात. कारण त्याहून साधं आहे. हलत्या बोटीवर, ओल्या हाताने, दोर कापताना टोक स्वतःच्या मांडीत जातं, शेजारच्याच्या हातात जातं, शिडात जातं. शिवाय सरळ धार दोरावर पूर्ण लांबीने बसते. दोर कापायला टोकाचा काही उपयोग नाही.

त्याच चाकूंना मागे एक कडी असायची आणि कडीत दोरी. दोरी गळ्यात किंवा कमरेला. डोलकाठीवर चढलेल्या माणसाच्या हातून चाकू निसटला तर खालच्याच्या डोक्यात पडू नये, म्हणून ही सोय.

याच्या अगदी उलट आपला रामपुरी. लांब, निमुळता, टोकदार, खटक्याने उघडणारा. सिनेमाने त्याला गुंडाच्या हातात दिला आणि तो तिथेच शोभतो. बोटीवर त्याचं काम नाही. टोक नको तिथे टोक, आणि खारं पाणी लागलं की खटक्याची स्प्रिंग पहिली गंजते.

डोल, भांग आणि उधाण

आता आपल्या कोळीवाड्यात येऊ. पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव, अर्नाळा. या पट्ट्याची ओळख म्हणजे डोल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोल म्हणजे भलंमोठं पिशवीसारखं जाळं. तोंड रुंद, शेपूट निमुळतं. ते समुद्राच्या तळाशी रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना दोराने बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे करून. मग काम पाणी करतं. भरती-ओहोटीच्या वेगात बोंबील, जवळा, कोळंबी आत जातात आणि पाणी थांबायच्या सुमाराला जाळं वर घेतात. आपल्या किनाऱ्यावर उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. म्हणून डोलकर पंचांग बघतो ते मुहूर्तासाठी नाही, उधाण आणि भांग कधी ते बघायला. भांगाला ओढ कमी, जाळ्यात मासळी कमी. उधाणाला मासळी जास्त, आणि दोरावरचा ताणही जास्त.

पूर्वी हे जाळं सणाच्या सुताचं, दोर काथ्याचे. झाडाच्या सालीच्या काढ्यात जाळी बुडवून ठेवायची म्हणजे कुजत नाहीत. काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो आणि ताणला की थोडा लांबतो, झटका पोटात घेतो. पण तो माणसाच्या ताकदीच्या मापातला दोर होता. हातांनी ओढायचा. फार ताण आला तर करकरायचा, एकेक पीळ सुटायचा आणि मग तुटायचा. आधी आवाज, मग धोका.

अशा दोराला चाकू कसा लागतो? काथ्यात रेती आणि मीठ अडकलेलं असतं, धार पटकन बोथट होते. म्हणून साध्या पोलादाची जाडसर सुरी बरी. ती गंजते, पण दगडावर चार वेळा घासली की पुन्हा तयार. बोटीवर अशी एक सुरी असायचीच, एखाद्या फळीत खोचलेली, सगळ्यांच्या हाताशी. घडी नाही, बिजागरी नाही, मोडण्यासारखं काही नाही.

नायलॉनने काय केलं

१९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्सने नायलॉन तयार केलं. १९५० च्या दशकात युरोपात पॉलिप्रॉपिलीन आणि जाड पॉलिथिन आलं. आपल्याकडे १९५७ मध्ये कोचीला केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था सुरू झाली आणि कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांवर तिथे बरंच काम झालं. याच काळात, पंचवार्षिक योजनांमधून, होड्यांना इंजिनं बसायला लागली. १९७६ मध्ये गरवारे वॉल रोप्स ही कंपनी सुरू झाली आणि दोर, जाळी महाराष्ट्रातच पुणे-वाईला बनायला लागली. सणाची जाळी हळूहळू कोळीवाड्यातून गेली. आजीच्या आठवणीत राहिली.

फायदा उघड होता. हा दोर कुजत नाही, हलका आहे, त्याच जाडीत कितीतरी जास्त ओझं घेतो. जाळी वाळवत बसायला नको. कोळी कुटुंबांचे किती तास यातून वाचले, त्याला मोजमाप नाही.

पण एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते आजच्या भागातली हीच महत्त्वाची गोष्ट आहे. पूर्वी दोर माणसाच्या आधी तुटायचा. आता दोर तुटत नाही. आणि ओढणारा हातही माणसाचा राहिला नाही, तिथे इंजिन आलं, दोर गुंडाळणारं यंत्र आलं. जाळं पाण्यात सोडताना दोराचं वेटोळं सरसर जात असतं, त्या वेटोळ्यात पाय अडकला तर दोर थांबत नाही. यंत्राला कळत नाही की पलीकडे जाळं आहे की माणूस. काथ्याच्या दोराने करकरून सूचना दिली असती. नायलॉन गप्प असतो आणि शेवटी तुटलाच तर चाबकासारखा मागे येतो.

पाचूबंदरला एका वयस्कर तांडेलकाकांशी बोलताना मी विचारलं, चाकू सगळ्यात जास्त कशाला लागतो? मला वाटलं जाळी दुरुस्तीला म्हणतील. ते म्हणाले, "पंख्याला." पंखा म्हणजे बोटीचा प्रॉपेलर. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याचा तुटका दोर तळाशी न जाता तरंगत राहतो, आणि पंख्यात गुंडाळला की घर्षणाने वितळून दगडासारखा घट्ट बसतो. मग कोणीतरी पाण्यात उतरून तो कापायचा. वर बोट लाटेबरोबर आपटतेय, खाली माणूस एका हाताने बोट धरून दुसऱ्या हाताने कापतोय. इंजिन बंद आणि चावी वर एकाच माणसाच्या हातात, हा नियम ते काका तीनदा बोलले. "चावी कोणाकडं आहे ते बघितल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाय."

म्हणजे बघा, चाकूचं कामच बदललं. आधी तो दोराची निगा राखायचा. आता तो माणूस सोडवायला लागतो.

मग घ्यायचा कोणता?

आता आपल्या अर्नाळ्याच्या मित्राचं उत्तर. इतिहासाने जे शिकवलं, त्यावरूनच बघू.

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: बोटीवर कायम ठेवायला घडीचा चाकू हा दुसरा पर्याय. पहिला पर्याय म्हणजे न गंजणाऱ्या पोलादाची सरळ सुरी, प्लॅस्टिकच्या म्यानात, दोर सोडायच्या जागेजवळ पक्की बांधलेली. तिला उघडावं लागत नाही. घडीचा चाकू हा अंगावर बाळगायचा. बोटीची सुरी तुमच्या हाताशी नसेल त्या वेळेसाठी.

दुसरं, धार. नायलॉन आणि प्लॅस्टिकचा दोर गुळगुळीत. सरळ धार त्यावरून, विशेषतः दोर ओला आणि सैल असेल तर, घसरते. दातेरी धार पकडते. शक्य असेल तर पूर्ण दातेरी घ्या, निदान मुठीकडचा अर्धा भाग तरी दातेरी असू दे. तोटा एवढाच की घरच्या धारेच्या दगडावर दात नीट घासता येत नाहीत, त्यासाठी बारीक गोल कानस लागते. ती दहा मिनिटांत शिकता येते.

तिसरं, टोक. शेफील्डवाल्यांचं ऐका. बोथट, गोल टोकाचं पातं घ्या. अडकलेल्या पायाच्या आणि दोराच्या मध्ये पातं घालायचं असतं, तेव्हा या गोल टोकाची किंमत कळते. लांबी तीन-साडेतीन इंच पुष्कळ झाली.

चौथं, पोलाद. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम असलं की त्याला स्टेनलेस म्हणतात. शेफील्डच्याच हॅरी ब्रेअर्लीने १९१३ मध्ये ते बनवलं. पण स्टेनलेस म्हणजे 'गंजतच नाही' असं नाही. गोड्या पाण्यात चकचकीत राहणारा चाकू खाऱ्या पाण्यात बारीक टिपक्यांनी गंजतो. साधारणपणे जितकं कार्बन जास्त, तितकी धार टिकते आणि गंजही लवकर चढतो. म्हणून फार कडक, महागड्या पोलादाच्या मागे लागू नका. ४२० च्या जातीचं साधं स्टेनलेस धार लवकर सोडतं, पण समुद्रात बरं टिकतं. स्वीडनचं १२सी२७ हा मधला मार्ग. आणि हात सैल सोडायचा असेल तर एलसी२००एन किंवा जपानचं एच-१ ही पोलादं आहेत. त्यांत कार्बनचं बरंचसं काम नायट्रोजनकडून करून घेतलंय, त्यामुळे समुद्राच्या पाण्यात ती जवळजवळ गंजतच नाहीत. स्पायडर्को ही अमेरिकन कंपनी अशा पोलादाचे 'सॉल्ट' नावाचे चाकू बनवते. उत्तम आहेत, पण महाग आहेत. पाण्यात पडला तर रडू येईल एवढ्या किमतीची वस्तू बोटीवर नेऊ नये, असं माझं मत.

पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं, बिजागरी. घडीच्या फटीत खारं पाणी शिरतं आणि तिथेच बसतं. हवा लागत नाही, सुकत नाही, आणि अशा कोंडलेल्या जागी स्टेनलेसही गंजतं. वरून पातं आरशासारखं, आणि आत खिळा खाल्लेला. म्हणून मूठ अशी घ्या की तिच्या आरपार दिसेल, म्हणजे पाठीमागून उघडी, पाण्याने धुता येणारी. स्क्रूवर उघडणारा चाकू रिव्हेट मारलेल्यापेक्षा बरा. लाकडी मूठ नको. फ्रान्सचा ओपिनेल हा १८९० पासूनचा सुंदर, स्वस्त चाकू, मला फार आवडतो, पण त्याचं लाकूड भिजून फुगलं की पातं मुठीत घट्ट अडकतं. भाजीला ठीक आहे, पंख्याखाली नको. पितळेचे दागिनेही नकोत. खाऱ्या पाण्यात पितळ आणि पोलाद शेजारी असले की पोलाद लवकर जातं.

सहावं, कुलूप. उघडल्यावर पातं पक्कं बसलं पाहिजे. फक्त स्प्रिंगवर उभा राहणारा चाकू जोर उलटा लागला की बोटांवर मिटतो. आणि तो एका हाताने उघडला पाहिजे. कारण वेळ येते तेव्हा दुसरा हात रिकामा नसतो. दुकानात ही परीक्षा हात ओले करून, डाव्या हाताने आणि डोळे मिटून करा. दुकानदार हसेल. हसू दे.

मुठीचा रंग भगवा किंवा पिवळा. काळा चाकू जाळ्याच्या ढिगात दिसत नाही. चाकूला दोरी जरूर बांधा, पण गळ्यात अडकवणार असाल तर ती जोराने ओढली की तुटेल एवढी बारीक असू दे. चाकूच्याच दोरीने अडकायला नको.

वापरताना: सैल दोराला वेटोळं करून त्यात पातं घाला आणि अंगापासून दूर ओढा. ताणलेल्या दोराच्या रेषेत कधी उभं राहू नका, बाजूला उभं राहून कापा. घरी आल्यावर चाकू उघडून गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि रेती धरतं.

कायद्याचं विचारलं जातं म्हणून सांगतो. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं परवान्याच्या कक्षेत येतं, घरकाम, शेती, उद्योगधंद्याची अवजारं सोडून. आपला चाकू त्याच्या जवळपासही नाही. तरी सणासुदीला, निवडणुकीला पोलिसांचे मनाई आदेश असतात. विरार लोकलने जाताना खिशात मिरवण्यापेक्षा कामाच्या सामानाबरोबर पिशवीत गुंडाळलेला बरा.

कापायचं कुणी?

शेवटची गोष्ट कुठल्याही दुकानात मिळत नाही. दोर म्हणजे पैसे. भरलेलं जाळं, त्याचा दोर, कधीकधी पूर्ण हंगामाचं कर्ज त्यावर उभं असतं. तो कापायचा म्हणजे ते सगळं समुद्राला देऊन टाकायचं. हा निर्णय कुणाचा? नाखवा किनाऱ्यावर आहे. तांडेल सुकाणूवर आहे. दोराजवळ जो खलाशी उभा आहे तो कदाचित डहाणू-तलासरीच्या पाड्यावरून आलेला, पहिल्या हंगामाचा पोरगा आहे. शेजाऱ्याचा पाय अडकलेला त्याला दिसतो. चाकू त्याच्या खिशात आहे. पण 'कापू का?' असं विचारण्यात जी दोन-तीन सेकंद जातात, तेवढाच वेळ असतो.

त्या तांडेलकाकांनी मला सांगितलं की त्यांच्या बोटीवर नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी ते एकच वाक्य बोलतात: "माणूस अडकला तर इचारायचं नाय, कापायचं. जाळ्याचं मी बघीन." मला वाटतं, वसईच्या किनाऱ्यावर आजवर जेवढी पोलादं आली, त्या सगळ्यांपेक्षा हे वाक्य जास्त टिकाऊ आहे. शिवलेल्या होडीच्या काळात दोर कापणं म्हणजे सगळ्यांना बुडवणं होतं. इंजिनाच्या काळात कधीकधी दोर न कापणं म्हणजे एकाला बुडवणं. जुनी सवय 'सोड, कापू नकोस' सांगते. नव्या दोराला ती सवय लागू नाही, आणि हे बोटीवरच्या सगळ्यात लहान माणसाला आधी सांगून ठेवावं लागतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, जाळी अंगणात पसरलेली, सगळे घरी. चाकू घ्यायचा, धार लावायची, बिजागरी उघडून साफ करायची ती याच दिवसांत. नारळ सोडायच्या आधी एकदा सगळ्या खलाशांना बसवून हे बोलणंही याच दिवसांत उरकून घ्या. चाकू कुठे ठेवलाय, चावी कोणाकडे राहणार, आणि कापायचा हक्क कोणाला आहे.

तुमच्या घरात सणाच्या जाळ्याचा तुकडा, काथ्याचा जुना दोर किंवा आजोबांची सुरी असेल तर फोटो काढून ठेवा आणि तिच्याबद्दल घरातल्या मोठ्या माणसांकडून लिहून घ्या. पुढच्या भागात अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाऊ. तोपर्यंत, सांभाळून राहा. नमस्कार!